बाबूराव पेंढारकर : करवीरच्या एका नटाची कारकीर्द

ज्युबिलीच्या या पुस्तकात कोणकोणते लेख असावेत याची यादी आम्ही करीत असता, एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी शेवटच्या नावावर बोट ठेवून विचारले, "देवमंदिराच्या पुस्तकात नटाचे काय काम? आणि तोही आपल्या धर्माचा नव्हे!" प्रश्न रास्त होता. त्यास तोंडी उत्तर देण्याचा आम्ही यत्न केला, पण तो तोकडा पडला. म्हणून हा लेख.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. ज्या शाहूपुरीत आपण राहतो, तिची व्यापारी पेठ छत्रपती शाहू महाराजांनी सन १८९५ च्या सुमारास वसविली. मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ साली. तेव्हा स्टेशन, गुळाची पेठ आणि तिच्या आधारे वाढलेली वस्ती ही सर्व एकाच पिढीची लेकरे म्हणावयास हरकत नाही. गुळाच्या रव्यांबरोबर या नगरीतून आणखी एक माल बाहेर जाऊ लागला. तो म्हणजे चित्रपटाच्या फितींचे डबे. महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभे केले, शेजारी खासबागेचे कुस्तीचे मैदान केले, आणि मल्ल व नट या दोघांनाही राजाश्रय दिला. पण राजाश्रय वेगळा आणि लोकांतील मान वेगळा. कुस्तीगिराला पोर देणारे घर नटाला देईलच, असे त्या काळी खात्रीने सांगता येत नव्हते.

अशा या करवीर नगरीत २२ जून १८९६ रोजी दामोदर ऊर्फ बाबूराव पेंढारकर यांचा जन्म झाला. भालजी पेंढारकर हे त्यांचे धाकटे बंधू, मास्टर विनायक हे मातेकडून बंधू, आणि व्ही. शांताराम हे मावसबंधू. मराठी चित्रपटाच्या पहिल्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहावयाचा तर या एका गोतावळ्याच्या बाहेर फार दूर जावे लागत नाही, ही गोष्ट मौजेची आहे. बाकीच्या तिघांनी दिग्दर्शक म्हणून कीर्ती मिळविली. बाबूराव मुख्यतः नटच राहिले, आणि तेही चरित्रनट, म्हणजे नायकाच्या पलीकडची माणसे रंगविणारे.

बाबूराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. प्रतिष्ठित सावकारांच्या आधी एका गाणाऱ्या बाईने या धंद्यावर विश्वास टाकला, हे आम्हास मुद्दाम नमूद करावेसे वाटते. विलायती कॅमेरा मिळेना तेव्हा पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनविला आणि त्यावर 'सैरंध्री' हा मूकपट घेतला. तो १९२० साली पुण्यास लागला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते की प्रेक्षकांतील काही स्त्रियांना घेरी आली, अशी हकीकत आहे. सरकारने तो भाग गाळावयास लावला. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

या कंपनीत बाबूराव पेंढारकर व्यवस्थापक होते. मावसभाऊ शांताराम यास पेंटरांकडे त्यांनीच नेऊन उभे केले. पुढे ज्याचे नाव जगभर झाले, त्याला पहिली पायरी दाखविणारा हात हा होता. त्या कारखान्यात व्यवस्थापक, रंगारी, सुतार आणि नट असा भेद फारसा नव्हताच; ज्याला ज्या दिवशी जे काम पडेल ते त्याने करावयाचे. बाबूरावांच्या पिढीतील केशवराव दाते यांच्यासारखे थोर नट नाटकमंडळ्यांत तयार होऊन मग पडद्यावर आले. बाबूरावांची तालीम मात्र मुख्यतः कॅमेऱ्यापुढेच झाली. मूकपटात शब्द नाही. डोळे, मान आणि हातांची बोटे एवढेच भांडवल. त्यांचा अभिनय पुढे बोलपटातही आक्रस्ताळा झाला नाही, याचे मूळ आम्हास या तालमीत दिसते.

१९२६-२७ च्या सुमारास दोघा पेंढारकर बंधूंनी 'वंदे मातरम् आश्रम' हा मूकपट काढला. इंग्रजी शिक्षणपद्धतीवर त्यात टीका होती. सरकारची वक्रदृष्टी झाली, चित्रावर कात्री चालली आणि काही काळ बंदीही आली. पैशाच्या दृष्टीने अशा गोष्टी नटाच्या घराला काय करतात, ते सांगावयास नको.

मग आले ध्वनीचे युग. १९३१ च्या फेब्रुवारीत पोप अकरावे पायस यांनी मार्कोनीच्या हस्ते उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून जगाला उद्देशून भाषण केले, आणि पुढच्याच मार्च महिन्यात मुंबईत 'आलम आरा' हा भारतातील पहिला बोलपट झळकला. जणू एकाच वसंतात दोन्हीकडे वाचा फुटली. पुष्कळ मूकनटांची या वाचेनेच वाताहत केली. बाबूराव तरले. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट पुरा केला. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होते, दुर्गाबाई खोटे तारामती होत्या आणि बाबूराव होते गंगानाथ. पुढल्या साली 'सिंहगड' चित्रपटात ते उदयभानू झाले. येथून खलपुरुषांची जी परंपरा सुरू झाली, ती त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यास गेली. कोल्हापुरास तो मोठाच धक्का होता. कलावंत, कारागीर, शिंपी, सुतार, खाणावळवाले, अशा किती घरांची मीठभाकर त्या कारखान्यावर होती! दरबारच्या पाठबळाने लगोलग कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली आणि बाबूराव तेथे आले. तिचे पहिले चित्र १९३४ चे. त्याचे नाव 'आकाशवाणी'! सरकारी नभोवाणीने ते नाव धारण करण्याच्या पुष्कळ आधी कोल्हापूरकरांनी ते पडद्यावर लावले होते, हे आजच्या तरुणांस ठाऊक नसावे. १९३५ साली 'विलासी ईश्वर' आला. १९३६ मध्ये बाबूराव, मास्टर विनायक आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स ही संस्था काढली. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील 'छाया', आचार्य अत्र्यांचे 'धर्मवीर' आणि 'ब्रह्मचारी', पुन्हा खांडेकरांचे 'देवता' अशी चित्रे चार-पाच वर्षांत निघाली. शिकल्यासवरल्या लोकांनी सिनेमास जाणे कमीपणाचे मानू नये, हे या चित्रांनी प्रथम साधले असे आमचे मत आहे.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाचे मूळ याच ठिकाणी आहे. नट आणि ख्रिस्तसभा यांचे नाते पूर्वापार सरळ नव्हते. सन १६७३ मध्ये फ्रान्सचा थोर नाटककार व नट मोलियेर वारला, तेव्हा नट म्हणून त्याला ख्रिस्ती विधीने मूठमाती मिळेना. राजाने शब्द टाकल्यावर रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता त्याला पुरण्यात आले. आणि त्याच ख्रिस्तसभेच्या संतमालिकेत जेनेसियस या रोमन नटाचे नाव आहे! परंपरा अशी की, डायोक्लेशियन बादशहापुढे बाप्तिस्म्याची टिंगल करणारा प्रवेश करता करताच त्याचे अंतःकरण पालटले, आणि सोंग टाकून त्याने रंगभूमीवरच ख्रिस्ताचा स्वीकार केला व प्राण दिला. त्याचा सण २५ ऑगस्टला येतो.

ज्या १९३६ साली हंस पिक्चर्स निघाली, त्याच वर्षी २९ जून रोजी पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी एक विश्वपत्र प्रसृत केले. ते अमेरिकेतील बिशपांना उद्देशून होते, तरी त्याची झळ व त्याचा प्रकाश सर्वत्र पोहोचला. चित्रपट हे स्वतः पाप नव्हे. ते फार मोठे सामर्थ्य आहे, त्याने माणूस चढतो किंवा पडतो, तेव्हा भाविकांनी निवड करावी, असा त्याचा मथितार्थ. भाविकांनी त्यातील सावधगिरीचा भाग नीट लक्षात ठेवला आणि पहिला भाग बहुधा विसरले. सिनेमास जाणे कबुलीत सांगण्याजोगे आहे काय, असा विचार करणारी माणसे आपल्यात होती. असो.

पण खलनायकाचे काय? दुष्टाचे सोंग घेणारा दुष्ट होतो काय? आपल्यापैकी ज्यांनी प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य बसविले आहे, त्यांना अनुभव आहे की पेत्र, योहान, पिलात, सर्वांना नट मिळतात. यूदाच्या नावाला कोणी हात वर करीत नाही. आणि यूदा नीट वठला नाही तर सारे नाट्य लंगडे पडते. बाबूरावांनी अशी कामे वर्षानुवर्षे पत्करली. त्यांचा दुष्ट माणूस आरडाओरडा करीत नसे. तो नीटनेटका, हसतमुख, बोलण्यात मुलायम असे. घरात सोयरा म्हणून बोलावावा असा. वाईटपणा शिंगे घेऊन येत नाही, हे प्रेक्षकांना त्यांनी जितके दाखविले तितके पुष्कळशा प्रवचनांनी दाखविले असेल की नाही, याची आम्हास शंका आहे. धर्मगुरूंनी क्षमा करावी!

उत्तर आयुष्यातील तीन भूमिकांबद्दल मात्र सविस्तर लिहावयास हवे. पहिली १९४६ ची. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यास गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. त्यांच्या जीवनावर शांतारामांनी चित्रपट केला. त्यात बाबूराव झाले जनरल फाँग. करवीरच्या मातीतील मराठी माणूस, पण चिनी सेनानी म्हणून तो उपरा वाटला नाही.

दुसरी भूमिका १९५४ ची, आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटातील खुद्द जोतीरावांची. सावित्रीबाई झाल्या होत्या सुलोचनाबाई. चित्रपटाच्या मुहूर्तास डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते, आणि त्या चित्राला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पंचवीस वर्षे ज्याला लोकांनी पडद्यावर शिव्या दिल्या, त्याच माणसाला अत्र्यांनी महात्म्याच्या कामासाठी निवडले, यात अत्र्यांची पारख दिसते. ज्याला कपटी माणसाचे बारकावे ठाऊक आहेत, त्यालाच निष्कपट माणूस भाबडा न करता उभा करता येतो.

तिसरी भूमिका लहान आहे, आणि तिच्याचसाठी आम्ही हा लेख पत्करला. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुल्या तुरुंगाची वसाहत निघाली होती. औंधचे राजे आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक गृहस्थ यांचा तो प्रयोग. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना बेड्या व भिंती यांच्यावाचून, शेतीच्या कामावर आणि विश्वासावर ठेवावयाचे. या वसाहतीवरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली, आणि शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' केला. तरुण जेलर आदिनाथ सहा खुनी माणसांना ओसाड माळावर घेऊन जातो. जेलर स्वतः शांतारामच. त्याचे वरिष्ठ अधिकारी बाबूराव. ज्या मावसभावाला त्यांनी पेंटरांच्या दारात नेऊन उभे केले होते, त्याच्यासमोर ते वरिष्ठ म्हणून पुन्हा उभे राहिले.

त्याच १९५७ साली, ८ सप्टेंबर रोजी, पोप बारावे पायस यांनी चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर दुसरे विश्वपत्र काढले. आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात या मराठी माणसांनी केलेल्या हिंदी चित्रपटाला रौप्य अस्वलाचे पारितोषिक मिळाले. शिवाय १९२८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचेही पारितोषिक मिळाले. कॅथलिक परीक्षकांनी तो सन्मान ज्या चित्राला दिला, त्यात ख्रिस्ताचे नाव कोठे नाही, देऊळ नाही, धर्मगुरू नाही. सहा पापी माणसे आहेत, त्यांच्यावर भरवसा टाकणारा आणि शेवटी त्यांच्यासाठी प्राण वेचणारा एकजण आहे, आणि संध्याकाळची प्रार्थना आहे. ती प्रार्थना आज शाळांतून मुले म्हणतात. पुष्कळांना ती कोठून आली हे ठाऊकही नसते. आमच्या वडीलधाऱ्या गृहस्थांना ही पारितोषिकाची हकीकत सांगितली, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

बाबूरावांनी 'चित्र आणि चरित्र' या नावाने आपले आत्मवृत्त लिहिले. ८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते निवर्तले. वय ७१. पॅलेस थिएटरला १९५७ पासून संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव होते. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री पुष्कळ कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले.

ज्युबिलीच्या आठवड्यात 'दो आँखें बारह हाथ' आपल्या सभागृहात दाखवावयाचे ठरले आहे. जेलर व सहा कैदी यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाईलच. मेजामागे बसलेल्या त्या वयस्क अधिकाऱ्याकडेही वाचकांनी थोडे पाहावे.