फोक्सवॅगन कॅम्परचा जीर्णोद्धार

फोक्सवॅगन कॅम्परचा जीर्णोद्धार म्हणजे फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या 'टाइप २' व्हॅनवर आधारित, झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा प्रवासयोग्य करणे होय. गाडीचे मूळ रूप जपणे आणि ती आजच्या रस्त्यावर सुरक्षित ठेवणे ही दोन उद्दिष्टे अनेकदा परस्परविरोधी ठरतात. त्यांचा मेळ घालणे हा या कामाचा गाभा होय.

पार्श्वभूमी

डच आयातदार बेन पॉन यांनी १९४७ मध्ये काढलेल्या रेखाचित्रातून या व्हॅनची कल्पना पुढे आली. १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे तिचे उत्पादन सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हानोफर येथील नव्या कारखान्यात गेले. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ पासून बाक, टेबल व कपाटे यांचा काढता-घालता येणारा संच तयार केला. त्यामुळे आठवडाभर माल वाहणारी व्हॅन सुटीत कुटुंबाचे फिरते घर होऊ शके. समोरची काच दुभागलेली असणारी पहिली पिढी जर्मनीत १९६७ पर्यंत, तर सलग काचेची दुसरी पिढी १९७९ पर्यंत तयार होत होती.

१९६० व १९७० च्या दशकांत अनेक पाश्चात्त्य तरुण अशा गाड्यांतून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे भारतात आणि गोव्याच्या किनाऱ्यांपर्यंत येत. १९७९ मधील इराणची क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे हा खुष्कीचा मार्ग बंद पडला.

सांगाडा व पत्रा

या गाडीला वेगळी चासी नसते. तळाच्या तुळया व बाहेरचा पत्रा एकत्र जोडलेले असून ते मिळून भार पेलतात. म्हणून दाराखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा आणि जॅक लावण्याच्या जागा येथील गंज केवळ दिसण्यापुरता नसतो. गंजलेला भाग कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींना आतून आधार द्यावा लागतो. अन्यथा सांगाडा वाकतो आणि दारे नीट बसत नाहीत. गंजावर लांबी भरून रंग दिल्यास दोष झाकला जातो, परंतु पत्र्याची ताकद परत येत नाही. त्यासाठी नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे आवश्यक असते.

इंजिन व ब्रेक

गाडीचे चार सिलिंडरचे इंजिन मागे असून ते हवेने थंड होते. इंजिनाभोवतीची पत्र्याची आवरणे व रबरी पट्ट्या गहाळ झाल्यास गरम हवा पुन्हा पंख्यात शिरते आणि इंजिन तापते. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. गळलेले पेट्रोल गरम इंजिनावर पडून आग लागू शकते. इंजिनाचा मुख्य भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असल्याने अशी आग विझवणे अवघड जाते. त्यामुळे नळ्या आधी बदलतात, रंगकाम नंतर करतात.

१९६७ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकसाठी तेलाचा एकच मार्ग असतो. एक नळी फुटली तरी सर्व ब्रेक निकामी होतात. अशा गाडीत दुहेरी मार्ग बसवणे हा मूळ रचनेतला बदल असला, तरी अनेक मालक तो स्वीकारतात.

पहिले प्रवास

रंगकाम संपले म्हणजे जीर्णोद्धार संपला असे होत नाही. अनेक दोष गाडी भार घेऊन चालू लागल्यावरच उघड होतात. म्हणून पहिली फेरी घराजवळची व दिवसाउजेडी करतात. परतल्यावर गाडी थंड झाली की ऑइलची पातळी, चाकांचे नट व गळती तपासतात. पुढील फेरीत पाणी, सामान व माणसे घेऊन चढ-उतार पार करतात. पहिल्या मुक्कामात छताचे कापड, खिडक्यांची रबरे आणि दिव्यांचे वायरिंग यांची परीक्षा होते. शेगडीच्या गॅसजोडण्या साबणाच्या पाण्याने तपासतात. कार्बन मोनॉक्साइडचा धोका असल्याने बंद गाडीत ऊब मिळवण्यासाठी शेगडी पेटवू नये.

कायदेशीर स्थान

जर्मनीत किमान ३० वर्षे जुन्या व मूळ स्वरूप टिकवलेल्या गाड्यांना १९९७ पासून 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळू शकते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या बहुतेक गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. मात्र गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते.