अ‍ॅलर्जीची इंजेक्शने : जलद कोर्स घ्यावा का?

घरातील धुळीतले सूक्ष्म कीटक (डस्ट माइट) किंवा परागकण यांची अ‍ॅलर्जी असल्यास त्याच पदार्थाचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून, मात्रा वाढवत त्वचेखाली टोचतात. यालाच इम्युनोथेरपी म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत आठवड्याला एक-दोन इंजेक्शने घेत पूर्ण मात्रेपर्यंत पोहोचायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. भिवंडीत यंत्रमागावर किंवा गोदामात रोजंदारी करणाऱ्याला इतक्या फेऱ्या म्हणजे तितके खाडे. त्यामुळे जलद कोर्सची चौकशी होते.

जलद कोर्स दोन प्रकारचे आहेत. ‘क्लस्टर’ पद्धतीत एकाच भेटीत, मध्ये अंतर ठेवून, दोन-तीन इंजेक्शने देतात आणि साधारण ४ ते ८ आठवड्यांत पूर्ण मात्रा गाठतात. ‘रश’ पद्धतीत हेच काम एक ते तीन दिवसांत, सतत देखरेखीखाली होते. मात्र घाई होते ती फक्त या पहिल्या टप्प्यात. त्यानंतर साधारण महिन्याला एक इंजेक्शन, ३ ते ५ वर्षे, हे कुणालाच चुकत नाही. तेवढे जमणार नसेल तर सुरुवात घाईने करून उपयोग नाही.

मात्रा जितकी झपाट्याने वाढवावी, तितकी अंगभर रिअ‍ॅक्शन येण्याची शक्यता वाढते. ‘रश’मध्ये ती सर्वांत जास्त असते, म्हणून आधी अ‍ॅलर्जीविरोधी गोळ्या देतात. तरीही धोका पूर्ण जात नाही. अंगावर गांधी, घसा आवळणे, दम लागणे, चक्कर ही लक्षणे बहुधा अर्ध्या तासात दिसतात. त्यामुळे प्रत्येक इंजेक्शननंतर किमान ३० मिनिटे दवाखान्यातच बसावे. तिथे अ‍ॅड्रेनॅलिन तयार आहे का, हे विचारायला संकोच करू नका. दमा आटोक्यात नसेल तर ही इंजेक्शने देत नाहीत. गरोदरपणात नव्याने सुरू करत नाहीत. रक्तदाब किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर आधी सांगा, कारण रिअ‍ॅक्शन आल्यास अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम कमी पडू शकतो.

भिवंडीकरांनी त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा : त्रास खरोखर अ‍ॅलर्जीचाच आहे का? कापसाच्या तंतूंच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, खोकला येतो आणि आठवडा सरता सरता बरे वाटते, ही त्याची खूण. त्यावर अ‍ॅलर्जीची इंजेक्शने चालत नाहीत, मग ती सावकाश द्या की झटपट. तिथे धूळ कमी करणे आणि स्पायरोमेट्री करून घेणे महत्त्वाचे. उलट सकाळी उठल्यावर सटासट शिंका, नाकाला-डोळ्यांना खाज असा त्रास असेल तर त्वचेची प्रिक टेस्ट करून घ्या. टेस्टआधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या, हे डॉक्टरांना विचारा.

इंजेक्शनच्या दिवशी ताप किंवा दम असेल तर टोचण्यापूर्वीच सांगा. त्या दिवसाचा डोस पुढे ढकलता येतो. घरी परतल्यावर दम लागला किंवा चक्कर आली तर जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात लगेच जा, सकाळची वाट पाहू नका.