संपर्क नेमका कुठे तुटला? १८७० ची समुद्री तार ते द्रोणागिरीतला राउटर

१/ घरच्या संगणकाचे नेट गेले की आपण राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. भागले नाही, तर खरा प्रश्न उभा राहतो : संपर्क नेमका कुठे तुटला? हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा एक धागा मुंबई बंदरातून निघतो. #थ्रेड #इतिहास

२/ फेब्रुवारी १८७०. त्या काळातील जगातले सर्वांत मोठे जहाज ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईहून एडनच्या दिशेने समुद्रतळाशी तार अंथरत निघाले. जूनपर्यंत सुएझ, माल्टा, जिब्राल्टरमार्गे मुंबई आणि लंडन तारेने जोडले गेले. उरणचा द्रोणागिरी डोंगर याच बंदराच्या मुखाशी उभा आहे.

३/ अशी तार शेकडो मैलांवर, खोल पाण्यात तुटली तर? अभियंते किनाऱ्यावरच बसून तारेचा विद्युतरोध मोजत. दर मैलामागे रोध किती, हे आधीच ठाऊक असे. भागाकार केला की बिघाडाच्या जागेचा अंदाज येई. मग जहाज तिथे जाई, गळ टाकून तार वर ओढी आणि सांधा जोडी.

४/ म्हणजे दुरुस्तीच्या आधी जागानिश्चिती. सगळीच तार उपसायची नाही. बिघाड कुठे आहे, ते आधी ठरवायचे. पुढची सारी जाळी याच शिस्तीवर सांभाळली गेली.

५/ डिसेंबर १९८३. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांना जाळ्यातला एक विचित्र बिघाड सापडत नव्हता. त्यांनी एका रात्रीत छोटासा प्रोग्रॅम लिहिला : दूरच्या संगणकाला हाक द्यायची आणि ओ येण्यास लागणारा वेळ मोजायचा. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचे नाव ठेवले ‘पिंग’.

६/ भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. ते टेलिफोनच्या तारेवरून, मोडेममार्फत येई. त्यामुळे फोनच चालू नसेल, तर पुढे काही तपासण्यात अर्थ नसे. पहिली पायरी तारेचीच.

७/ आज द्रोणागिरीतल्या एखाद्या सदनिकेत नेट बंद पडले, तर क्रम तोच, जवळून दूर :
• केबल नीट बसली आहे का? राउटरचे दिवे लागले आहेत का?
• १२७.०.०.१ ला पिंग : हा आपलाच संगणक. उत्तर नसेल, तर दोष घरातल्या यंत्रात.
• संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो? मग राउटरने पत्ता दिलेलाच नाही. संगणकाने तो स्वतःच घेतला आहे.
• राउटरला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला.

८/ अंकी पत्ता ओ देतो, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही? मग रस्ता शाबूत आहे, नावाचे अंकांत रूपांतर करणारी डीएनएस ही व्यवस्था रुसली आहे. तीही १९८३ चीच. त्याआधी सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत लिहिलेली असत.

९/ कधी दोष घरात नसतोच. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. १८७० चीच वाट, १८७० चीच व्यथा.

१०/ २७ जून २०१७. द्रोणागिरीशेजारच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे संगणक ‘नॉटपेट्या’ या विषाणूने ठप्प केले. कंटेनरांचे काम हाताने करावे लागले. येथे तार शाबूत होती. किंबहुना त्या तारेनेच रोग आणला होता. जगभरात मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले.

११/ त्यांच्या जाळ्याची ओळख-नोंद ठेवणारे बहुतेक सारे सर्व्हर पुसले गेले होते. एक मात्र वाचला, घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच एका प्रतीवरून सारे पुन्हा उभे राहिले.

१२/ यातला धडा साधा आहे. नेट गेले तर जवळून दूर तपासत जा. आणि नेट चालू असताना महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत जाळ्याला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा. तुटलेले टोक नेहमीच शत्रू नसते. 🧵समाप्त