शब्दवेध : घटका

‘घटकाभर बस’ म्हणताना आपण नकळत पाण्याचे माप सांगतो. संस्कृत ‘घट’ म्हणजे घडा. ‘घटिका’ म्हणजे लहान घडा. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा ६० घटकांचे अहोरात्र, दोन घटकांचा मुहूर्त. लग्नघटिका अशीच साधत. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार आणि ‘घड्याळ’ हा शब्दही याच कुळातले.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या आपल्या ग्रंथात घटकेसारखी मापे वापरणाऱ्या भारतीय ज्योतिषाचा, कालगणनेचा इतिहास मराठीत मांडला. वाटी बुडाली, शब्द मात्र आपल्या जिभेवर तरंगतो आहे. तो जपूया.