दोन मोत्यें व सत्तावीस मोहरा : ऐतिहासिक पत्रांच्या वाचनांत अलंकारशास्त्राचा उपयोग

जुन्या लेखांतील अलंकार काढून टाकिला म्हणजे खालीं शुद्ध इतिहास उरतो, अशी एक समजूत संशोधकांत रूढ आहे. शाळांतून याच्या उलट घडतें. उदाहरणादाखल घेतलेलें वाक्य कोणीं, कोणास व कोणत्या प्रसंगीं लिहिलें हें बाजूस ठेवून केवळ अलंकाराचें नांव विद्यार्थ्याकडून वदवून घेतात. सातारा व सांगली या भागांत आम्हीं अनेक वर्षें संस्कृत शिकविलें; तेव्हां या दुसऱ्या दोषांत आमचाहि वांटा आहे. एका सर्वपरिचित पत्राच्या आधारें त्याचें कांहीं परिमार्जन करावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तें पत्र पानिपतच्या बातमीचें. ग्रँट डफ हा इ. स. १८१८ ते १८२२ पर्यंत सातार्‍यास कंपनी सरकारचा प्रतिनिधि होता व त्याचा मराठ्यांचा इतिहास इ. स. १८२६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत तो सांगतो कीं, इ. स. १७६१ च्या जानेवारीच्या अखेरीस नानासाहेब पेशवे नर्मदा उतरत असतां सावकारांचा एक कासीद लष्करास भेटला. पानिपतहून नवव्या दिवशीं औरंगाबादेस पोंचण्याची त्याची बोली होती. पेशव्यांनीं त्याजजवळचें पत्र उघडून वाचलें. दोन मोत्यें नाहींशीं झालीं, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपें व तांबें किती गेलें याची मोजदाद नाहीं, असा त्याचा आशय होता. १४ जानेवारीच्या युद्धांत विश्वासराव व सदाशिवरावभाऊ हे पडले, हें या पत्रावरून पेशव्यांस उमजलें.

आमच्या वर्गांत हें उदाहरण निघालें असतां एका विद्यार्थ्यानें 'रूपक' असें उत्तर दिलें व आम्हीं तें बरोबर म्हणून पुढें गेलों. वस्तुतः तें चूक होतें. रूपकांत उपमेय व उपमान या दोहोंचा उल्लेख करून त्यांचा अभेद सांगितलेला असतो. या पत्रांत उपमेयाचें नांवच नाहीं. उपमानानें त्यास गिळून टाकिलें आहे. मम्मटाच्या मतें ही अतिशयोक्तीची पहिली जात होय. कोणी म्हणेल, नांवांत काय आहे ? परंतु येथें नांवाबरोबर प्रश्नहि बदलतो. रूपक म्हटलें कीं विचार साम्यापाशीं थांबतो. अतिशयोक्ति म्हटली कीं उपमेय कां लपविलें, हें विचारणें प्राप्त होतें. आणि इतिहासाचें काम नेमकें तेथून सुरू होतें.

याचें उत्तर शोधण्याची रीतिहि मम्मटानेंच घालून दिली आहे. काव्यप्रकाशाच्या तिसऱ्या उल्लासांत अर्थाची व्यंजना कशावर अवलंबून असते हें सांगतांना त्यानें वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्यास सांगावयाचें तो, काकु, वाक्य, वाच्यार्थ, अन्यसन्निधि म्हणजे तिऱ्हाइताचें सान्निध्य, प्रस्ताव, देश व काल अशीं अंगें मोजिलीं आहेत. अस्सल पत्र हातीं आल्यावर संशोधक जे प्रश्न विचारतो तेच हे होत.

हीं अंगें या पत्रास लावून पाहूं. वक्ता सावकार आहे. म्हणून मोतीं, मोहरा, रुपें व तांबें हा त्याच्या वहीचाच शब्दसंग्रह होय. तो कवीनें मुद्दाम शोधून आणिलेला नाहीं. बोद्धव्य औरंगाबादेचा सावकार आहे, पेशवे नव्हेत. पेशव्यांस उद्देशून पत्र असतें तर पुत्र व चुलतभाऊ यांच्या मृत्यूची वार्ता नफातोट्याच्या भाषेंत लिहिण्याचें धैर्य कोणास झालें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. अन्यसन्निधीचें महत्त्व तर स्पष्टच आहे. वाटेंत पत्र परक्याच्या हातीं पडण्याचें भय होतें, आणि तें खरेंहि ठरलें. अशा वेळीं व्यापाऱ्याचें पत्र व्यापाराचेंच दिसावें यांत शहाणपण होतें. तरीहि पेशव्यांस अर्थ कळला, कारण प्रस्ताव त्यांस ठाऊक होता. उत्तरेंतील फौजेची बातमी लागावी म्हणून त्यांचा जीव टांगणीस लागला होता.

येथें दोन सावधगिऱ्या राखणें अवश्य आहे. पहिली सत्तावीस या संख्येविषयीं. संस्कृत जाणणारास सत्तावीस म्हटलें कीं नक्षत्रें आठवतात व अमरकोशांतील सत्तावीस मोत्यांची नक्षत्रमालाहि आठवते. यावरून ही संख्या केवळ संकेताची आहे असें म्हणण्याचा मोह आम्हांसहि झाला होता. परंतु पत्रांत सत्तावीस मोहरा आहेत, मोत्यें नव्हेत. तेव्हां तो मोह आवरला पाहिजे. इतकेंच म्हणतां येईल कीं, पडलेल्या सरदारांचीं नांवें अन्य पत्रांवरून जुळविल्यावांचून या आंकड्यास हजेरीपट समजूं नये.

दुसरी सावधगिरी शब्दाविषयीं. डफ मोत्यांस जें क्रियापद लावितो त्याचा अर्थ विरघळणें असा आहे. मुळांत 'गळणें' हें क्रियापद असावें असें आमचें अनुमान आहे. मराठींत गळणें म्हणजे ओघळून पडणेंहि होतें आणि विरून जाणेंहि होतें. सरांतून ओघळलेलें मोतीं पुन्हां सांपडूं शकतें. विरालेलें सांपडत नाहीं. भाऊसाहेब जिवंत आहेत या आशेवर पुढें एक तोतया उभा राहिला व इ. स. १७७६ मध्यें त्याचा अंत झाला, हें लक्षांत घेतां हा भेद क्षुल्लक नाहीं. परंतु डफानें पत्राचा आशय इंग्रजींत दिला आहे, आणि भाषांतरावर ध्वनीची इमारत उभारूं नये. अलंकारविचारास मूळ शब्दच पाहिजेत.

मूळ शब्द जपण्याचें काम आमच्याच भागांत एका संस्कृत शिक्षकानें केलें, हें येथें सांगणें उचित होईल. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनीं सातार्‍यास संस्कृताचें अध्ययन केलें व मिरजेच्या हायस्कुलांत तें शिकविण्यांत बरींच वर्षें घालविलीं. मिरज आज ज्या सांगली जिल्ह्यांत आहे, तो इ. स. १९४९ मध्यें दक्षिण सातारा या नांवानें निराळा झाला व त्यास इ. स. १९६० मध्यें सांगली हें नांव मिळालें. शास्त्रीबोवा कवि होते, नाटककारहि होते. पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें निवडून त्यांनीं इ. स. १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं राजवाडे यांनीं आपल्या साधनांच्या पहिल्या खंडांत बखरींतील चुका दाखवून अस्सल पत्रांचा पक्ष मांडिला. शास्त्रीबोवांनीं मम्मट समोर ठेवून पत्रें वाचलीं असा आमचा दावा नाहीं. परंतु सकाळीं वर्गांत श्लोकाचा अन्वय लावणारा व पुढें दप्तरांतील पत्राचा अर्थ लावणारा पुरुष एकच असावा, हा योग आम्हांस बोधप्रद वाटतो. आज या दोन विद्यांची फारकत झाली आहे. इतिहासाचा विद्यार्थी साहित्यशास्त्र वाचीत नाहीं, आणि साहित्याचा विद्यार्थी दप्तर उघडीत नाहीं.

यासाठीं आमची सूचना साधी आहे. शाळेंत अलंकाराचें नांव विचारण्यापूर्वीं वक्ता कोण व बोद्धव्य कोण हें विचारावें; आणि अधूनमधून श्लोकाऐवजीं एखादें अस्सल पत्र फळ्यावर लिहावें. संशोधकानें अलंकार सोलून टाकण्यापूर्वीं तो कां घातला याचा शोध घ्यावा.

हा शोध घेतला नाहीं तर काय हरवतें तेंहि याच पत्रांत दिसतें. मोत्यें मोजिलीं आहेत, मोहरा मोजिल्या आहेत. रुपें व तांबें मात्र मोजिलेलें नाहीं. उतरता क्रम सावकाराच्या वहीचा आहे, आणि माणसांचें मोल त्यानें त्याच क्रमानें लाविलें. खेड्यापाड्यांतून गेलेले असंख्य शिपाई व बाजारबुणगे यांची गणना या तांब्यांत होते. आमच्या विद्यार्थ्यानें 'रूपक' म्हटलें व आम्हीं 'बरोबर' म्हटलें, त्या दिवशीं हीं सर्व माणसें आमच्याहि दृष्टीआड झालीं. अलंकाराचें नांव नीट घेतलें असतें तर निदान तीं कोठें लपलीं आहेत एवढें तरी वर्गास दाखवितां आलें असतें.