नकाशावरील सही

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधणारास पैसा, जागा, कारागीर आणि मुहूर्त एवढ्यांचीच चिंता वाहावी लागे. कागदावरील नकाशा, त्यावरील जाणत्याची सही आणि त्या सहीवर अवलंबून असणारी परवानगी ही पांचवी चिंता मागाहून आली. ती कशी आली हें पाहणें मनोरंजक तर आहेच, परंतु घर बांधूं इच्छिणाऱ्या गृहस्थास उपयुक्तही आहे.

पेशवाईंतील पुण्याचा वाडा घ्या. त्याची मोजणी खणांवर होई; दोन खांबांमधील अंतर तो एक खण. यजमानानें खण आणि चौक किती तें सांगावें, व सुतार-गवंड्यांनीं तें उभें करावें, असा रिवाज होता. योजणारा आणि बांधणारा यांच्यांत फारसा भेद नव्हता, आणि दोघेही बहुधा यजमानाच्या ओळखीचे असत. ही ओळख हीच काय ती हमी. मात्र तिचें गुणगान करतांना माजघरांतील अंधार विसरूं नये.

मुंबईंत ही ओळख पुरेना. तेथील चाळींत मालक एक, बांधणारा दुसरा आणि राहणारा तिसराच. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें बांधकामापूर्वीं कमिशनरास नोटीस देणें आवश्यक ठरविलें. त्याच्या ३३८ व्या कलमानें, संपूर्ण दगडविटांच्या इमारतीच्या नकाशावर परवानाधारक सर्व्हेयराची सही मागितली. ही सही कशाची खूण? नकाशा त्यानें स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीं तयार झाल्याची. ओळखीची जागा अशा रीतीनें सहीनें घेतली. पुढें १८९६ सालीं प्लेग आला. त्याचें मूळ उंदरांवरील पिसवांत असल्याचें मागाहून सिद्ध झालें. तरी दाटी व अंधार यांकडे शहराचे डोळे त्या संकटानेंच उघडले, आणि १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

सही करणारे जाणते तयार होण्यास मात्र वेळ लागला. पुण्याचा इंजिनियरिंगचा वर्ग १८५४ सालचा. पण त्याचा हेतु सरकारी बांधकामखात्यास माणसें पुरविण्याचा होता. जे. जे. कलाशाळेंत नकाशे काढणारांचा वर्ग १८९६ त निघाला. तेथील विद्यार्थ्यांनीं १९१७ सालीं काढलेल्या संस्थेचें रूपांतर होत होत १९२९ त तिला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हें नांव मिळालें. तरीही पांढरपेशाच्या चार खोल्यांकडे लक्ष कोण देणार? पुण्याचे इंजिनियर आर. एस. देशपांडे यांनीं १९३५ सालीं ‘चीप अँड हेल्दी होम्स फॉर द मिडल क्लासेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ याच वर्गासाठीं प्रसिद्ध केला, त्याचें महत्त्व यांत आहे.

१९७२ च्या कायद्यानें ‘आर्किटेक्ट’ ही पदवी नोंदलेल्यांपुरती राखली. परंतु तो कायदा नांवाचें रक्षण करतो, घरें योजण्याचा उद्योग इतरांस बंद करीत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. म्हणजे नांव आणि सही यांपलीकडचा शोध गृहस्थानें स्वतःच घ्यावयाचा आहे.

दुर्दैव असें कीं, अनेक जण जाणत्याचा शोध न घेतां केवळ सहीचा शोध घेतात. नकाशा एकानें काढावा, सही दुसऱ्यानें करावी आणि घर तिसऱ्यानेंच बांधावें, अशानें परवानगी मिळेल. कायद्यानें जी हमी मागितली ती मिळणार नाहीं. म्हणून जाणता निवडण्यापूर्वीं त्यानें योजलेलीं दोन-तीन घरें पाहावीं. तेथील स्वयंपाकघरांत दुपारीं दिवा लावावा लागतो काय, आणि पावसाळ्यांत कोणती भिंत ओल धरते, हें घरच्या बाईस विचारावें. तिच्या उत्तराइतकी खरी सही दुसरी नाहीं.