जिथे जन्म नाही, मरण नाही

ग्रीसचा इतिहास शिकविताना ‘डेलॉसचा संघ’ हे शब्द मी कितीतरी वर्षे फळ्यावर लिहीत आलो. इराणच्या स्वारीचा धसका घेतलेल्या ग्रीक नगरराज्यांनी इ. स. पूर्व ४७८ साली अथेन्सच्या पुढारीपणाखाली एक संघ केला, त्याचा खजिना या बेटावर ठेवला, आणि ४५४ साली अथेन्सने तो उचलून आपल्या घरी नेला. एवढे मुलांनी वहीत उतरवून घेतले की मी पुढच्या धड्याकडे वळत असे. पुढे ते बेट पाहण्याचा योग आला, आणि आपण मुलांना खजिना तेवढा दाखविला, माणसे दाखविलीच नाहीत, ही चुटपुट मनाला लागून राहिली.

मिकोनॉस या गजबजलेल्या बेटावरून बोटीने अर्ध्या तासाच्या सुमारास डेलॉस येते. लांबी पाच किलोमीटर, रुंदी त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी. सावलीला झाड जवळजवळ नाही. पायाखाली तापलेला दगड, दगडावर सरडे, आणि समुद्रावरून सतत वाहणारा वारा. नाक्सॉसच्या लोकांनी इ. स. पूर्व सातव्या शतकात अर्पण केलेले संगमरवरी सिंह येथे ओळीने बसलेले दिसतात. मूळचे सिंह आता संग्रहालयात आहेत, बाहेर वाऱ्यात आहेत त्या त्यांच्या प्रतिकृती.

या ओसाड खडकाला एवढे महत्त्व कसे आले, त्याची कथा अशी : झ्यूसपासून गरोदर राहिलेली लेटो प्रसूतीसाठी जागा शोधीत दारोदार हिंडली. झ्यूसची राणी हेरा हिच्या कोपाच्या भयाने कोणतीच भूमी तिला थारा देईना. शेवटी समुद्रावर तरंगणाऱ्या या दरिद्री बेटाने तिला जागा दिली. येथेच एका खजुराच्या झाडाला धरून तिने अपोलोला जन्म दिला. तोच पुढे प्रकाशाचा देव मानला गेला. एका अडलेल्या बाईला आसरा दिला, ही या बेटाची पुण्याई.

आणि त्याच बेटावर पुढे काय घडले पाहा. इ. स. पूर्व ४२६ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या लोकांनी देवाप्रीत्यर्थ बेटाचे शुद्धीकरण केले. होती नव्हती तेवढी थडगी उकरली आणि आतल्या अस्थी व वस्तू समोरच्या रेनीया बेटावर नेऊन पुरल्या. तो खड्डा सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सापडला. त्यातली भांडी मिकोनॉसच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. मग फर्मान निघाले : यापुढे या बेटावर कोणी जन्मता कामा नये, कोणी मरता कामा नये. दिवस भरलेली बाई आणि शेवटच्या घटका मोजणारा म्हातारा, दोघांनाही होडीत घालून रेनीयाला न्यावे. चार वर्षांनी तेवढ्यानेही समाधान झाले नाही, तेव्हा बेटावरचे सगळे रहिवासीच हाकलून दिले. पुढच्या वर्षी डेल्फीच्या देववाणीवरून त्यांना परत आणले, पण नियम कायम राहिला.

सोयर आणि सुतक आपल्याला नवे नाही. मी लहान असताना एकदा ऐन दिवाळीत आमच्या घरी सुतक आले. टांगलेला आकाशकंदील वडिलांनी मुकाट्याने उतरविला. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरांतून फराळाची ताटे आली, आणि दहा दिवसांनी सुतक फिटले. डेलॉसचे सुतक फिटणारे नव्हते. जिथे तुम्ही जन्मत नाही आणि जिथे तुम्हांला पुरत नाहीत, तो तुमचा देश कसा, असा प्रश्न स्पार्टाच्या एका माणसाने डेलॉसकरांना केल्याचे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे.

इ. स. पूर्व १६६ च्या सुमारास रोमने बेट अथेन्सच्या हवाली केले आणि बंदर जकातमुक्त केले. रहिवाशांना पुन्हा घालवून दिले. मग व्यापार असा फोफावला की इटली, सीरिया, मिसर येथले सावकार आले; त्यांच्या घरांतल्या फरशांवर रंगीत खड्यांचे डॉल्फिन आणि वाघावर बसलेला देव आजही दिसतात. या भरभराटीत मोठा वाटा माणसांच्या विक्रीचा होता. एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून घ्यायचे आणि विकून रवाना करायचे, एवढी या बंदराची ताकद होती, असे स्ट्राबो सांगतो. मूल जन्मले तर बेट विटाळे. आईपासून तोडून मूल विकले तर विटाळत नसे! बंदराजवळच्या चौकात गुलामांनी आणि मुक्त झालेल्या गुलामांनी मिळून देवाला वाहिलेल्या वस्तूंचे शिलालेख आहेत. ते पाहताना मी बराच वेळ उभा होतो. ज्याच्या बेटावर आपला बाजार मांडला, त्याच बेटावर हात जोडायला माणसे कुठून बळ आणीत असतील?

इ. स. पूर्व ८८ मध्ये मिथ्रिडेटीझ राजाच्या सैन्याने येथे भयंकर कत्तल केली, आणि ६९ मध्ये चाच्यांनी उरलेसुरले लुटले. व्यापाराने पाठ फिरविली आणि हळूहळू बेट ओस पडले. १८७३ पासून फ्रेंच संशोधकांनी ते मातीतून वर काढले.

आजही प्रवाशाला येथे रात्री राहता येत नाही. पहारेकरी आणि उत्खननाचे लोक तेवढे मागे राहतात. परतीच्या बोटीचा भोंगा झाला आणि मी निघालो. जाता जाता आठवण राहिली ती येथल्या घरांतून सापडलेल्या मातीच्या दिव्यांची. तेलाची वाटी, वातीसाठी चोच. आपल्या पणतीचीच जात. प्रकाशाच्या देवाचे मंदिर भुईसपाट झाले, पण अंधार पडल्यावर कुणा आईने, कुणा गुलामाने हाताने लावलेले ते दिवे टिकले. यंदा वर्गात डेलॉसचा धडा येईल, तेव्हा खजिन्याच्या आधी मी हे दिवे सांगणार आहे.